तुम्ही विचारलंत म्हणून: मराठीतलं बायबल देवाचं वचन कसं?

“बायबल म्हणजे देवाचं वचन, असं तुम्ही म्हणता. पण ते लिहिलं गेलं हिब्रूत आणि ग्रीकमध्ये. मग तुमच्या हातातलं हे मराठी पुस्तक देवाचं वचन कसं? ते तर कुणीतरी केलेलं भाषांतर!”

हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात वेगवेगळं काही असतं. माझ्या एका मुस्लिम सहकाऱ्यांच्या मनात कुरआन असतं. कुरआन अरबीत असेल तरच कुरआन, इतर भाषांत असतो तो त्याचा अर्थ, असं ते मानतात. शेजारच्या काकांच्या मनात वेद असतात. तिथे शब्द सोडाच, स्वरही इकडचा तिकडे झालेला चालत नाही. आणि शब्बाथशाळेतली (रविवारी चर्चमध्ये भरणाऱ्या मुलांच्या वर्गातली) मुलं मनात काहीच न ठेवता विचारतात, “टीचर, देवाला मराठी येतं का?”

उत्तर आधीच सांगते. होय, मराठी बायबल हे मी देवाचं वचन मानते. “एका अर्थाने” वगैरे पुस्ती न जोडता मानते. आणि त्यातला प्रत्येक शब्द आकाशातून जसाच्या तसा उतरला, असं मात्र मी मानत नाही. ही दोन वाक्यं एकत्र कशी नांदतात, ते सांगायला जरा जागा लागेल.

माझं माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. त्यामुळे दोन्हीकडची बायबलं घरात आहेत आणि दोन्हीकडचे वादही. माहेरच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं, सासरच्या बायबलमध्ये ७३. कोणती पुस्तकं शास्त्रात धरायची यावरच मतभेद आहेत, तर शास्त्र “प्रेरित” म्हणजे काय यावर ते असणारच. पण दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी आहे: सकाळी पुस्तक उघडलं की देव आपल्याशी बोलतो या भरवशाने ते उघडलं जातं.

प्रेरित म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते. बायबलमध्येच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेख “परमेश्वरप्रेरित” असल्याचं म्हटलं आहे. पण ही प्रेरणा कशी काम करते, ते तिथे सांगितलेलं नाही. लोकांनी आपापल्या परीने चित्र रंगवलं. सगळ्यात सोपं चित्र म्हणजे देव सांगतोय आणि माणूस लिहून घेतोय. जुन्या चित्रकारांनी तर मत्तयाच्या खांद्यामागे देवदूत उभा करून ठेवला. आजही पुष्कळ साध्या श्रद्धेची माणसं असंच मानतात, आणि त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण बायबल स्वतः आपल्याबद्दल असं बोलत नाही.

लूकचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेली येशूची हकीकत, उघडा. पहिल्याच वाक्यात तो “थियफिल महाराजां”ना सांगतो की या घटनांची हकीकत पुष्कळांनी लिहायला घेतली आहे, मीही सगळ्याचा मुळापासून शोध केला आहे आणि आता ते क्रमवार लिहितो आहे. म्हणजे चौकशी केली, ऐकलं, जुळवलं, मग लिहिलं. स्वप्न पडलं, वाणी झाली, असं तो म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर लेखनिक स्वतःच मधे येऊन नमस्कार सांगतो: हे पत्र लिहून घेणारा मी तर्तियस. पत्राचा लेखक, प्रेषित पौल, सांगत होता आणि हा माणूस लिहीत होता. त्याचा हात दुखला असेल, शाई संपली असेल. शास्त्रात त्याचंही नाव राहिलं.

आणि मला सगळ्यात प्रिय जागा म्हणजे करिंथकरांस पहिलं पत्र, पहिला अध्याय. करिंथच्या मंडळीत गट पडलेले असतात. पौल चिडून लिहितो की क्रिस्प आणि गायस सोडले तर मी तुमच्यातल्या कुणाचा बाप्तिस्मा केला नाही, याबद्दल देवाचे आभार. दोन ओव्या पुढे जातो (आमच्यात वचनाला ‘ओवी’ म्हणतात) आणि त्याला आठवतं: हां, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता. आणि मग म्हणतो, याशिवाय आणखी कुणाचा केला की काय, ते माझ्या ध्यानात नाही.

मी हे मुलांना मोठ्याने वाचायला लावते. देवाच्या प्रेरणेने लिहिलेल्या ग्रंथात लिहिणारा म्हणतो, मला आठवत नाही. त्याने ते वाक्य खोडून नव्याने लिहिलं नाही, नक्कल करणाऱ्यांनी ते गाळलं नाही, आणि देवानेही त्याचं विसरणं दुरुस्त केलं नाही. प्रेरणा म्हणजे माणसाचं डोकं बाजूला काढून ठेवणं असतं, तर ही ओवी तिथे उरलीच नसती. ती तिथे आहे, म्हणून मी म्हणते की देवाने माणसाला त्याच्या स्मरणासकट आणि विस्मरणासकट वापरलं.

यात मी एकटी नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे बेंजामिन वॉरफील्ड हे शास्त्राच्या अचूकपणाचे कट्टर समर्थक. पण तेही श्रुतलेखनाची कल्पना नाकारत. एकच वाक्य पूर्णपणे माणसाचं आणि पूर्णपणे देवाचं असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘देई व्हर्बुम’ हा दस्तऐवज मंजूर केला. त्यात मानवी लेखकांना ‘खरे लेखक’ म्हटलं आहे. आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य नमूद व्हायला हवं होतं, ते शास्त्र निर्दोषपणे शिकवतं, अशी तिथली मांडणी आहे. स्विस धर्मपंडित कार्ल बार्थ यांचा सूर वेगळा: बायबल साक्ष देतं, आणि देव त्यातून बोलतो तेव्हा ते वचन होतं. मला बार्थ वाचताना नेहमी वाटतं की त्यांनी पुस्तक जरा जास्तच अधांतरी ठेवलं. पण ते असू द्या.

खरी अडचण पुढे येते. समजा पौलाने लिहिलं ते प्रेरित. पण पौलाने लिहिलेला तो कागद कुठे आहे? कुठेच नाही. एकाही पुस्तकाची मूळ प्रत आज जगात नाही. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात योहानाच्या अठराव्या अध्यायाचा तळहाताएवढा पपायरसचा तुकडा आहे, साधारणपणे दुसऱ्या शतकातला धरला जाणारा. नव्या कराराच्या (बायबलच्या येशूनंतरच्या भागाच्या) ज्ञात तुकड्यांतला तो सगळ्यात जुन्यांपैकी एक, आणि तीही नक्कलच. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत आणि अगदी तंतोतंत जुळणाऱ्या दोन मोठ्या प्रती सापडणं मुश्कील. बहुतेक फरक शुद्धलेखनाचे, शब्दक्रमाचे. काही मात्र मोठे.

१९७८ साली शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी बायबलच्या अचूकपणाबद्दल जे निवेदन काढलं, त्यात याची सरळ कबुली आहे: प्रेरणा काटेकोर अर्थाने मूळ प्रतींनाच लागू, नकला आणि भाषांतरं जितकी मुळाशी प्रामाणिक, तितकी देवाचं वचन. हे म्हणणं प्रामाणिक आहे. पण एवढ्यावर थांबलं तर माझ्या आजीच्या हातात काय उरलं? जे कुणी पाहिलेलं नाही ते अचूक, आणि जे ती रोज वाचायची ते “जितकं तितकं”. मला हे पुरेसं वाटत नाही. आणि बायबललाही मूळ प्रतीची एवढी काळजी असल्याचं दिसत नाही. यासाठी यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय वाचावा.

हिवाळ्याचे दिवस. यहूदाचा राजा यहोयाकीम हिवाळी महालात बसला आहे, समोर शेगडी पेटलेली. यिर्मयाने सांगितलेली आणि बारूखाने शाईने लिहून घेतलेली गुंडाळी राजासमोर वाचली जाते. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. सगळी गुंडाळी जळेपर्यंत असंच चालतं. दोन-तीन दरबारी “नको, जाळू नका” म्हणून विनवतात, तो ऐकत नाही.

ही देवाच्या वचनाची मूळ प्रत होती. संदेष्ट्याच्या तोंडची, लेखनिकाच्या हातची. ती गेली. पुढे काय होतं? देव यिर्मयाला म्हणतो, दुसरी गुंडाळी घे आणि लिही. यिर्मया सांगतो, बारूख पुन्हा लिहितो. अध्यायाची शेवटची ओवी म्हणते की त्यांखेरीज तशाच आणखी पुष्कळ वचनांची त्यात भर घातली गेली. म्हणजे दुसरी प्रत पहिलीसारखी हुबेहूब नव्हतीच. मोठी होती. आपल्या हातात आहे ते या दुसरीच्या वंशातलं, आणि पहिली गेली म्हणून बायबलमध्ये कुणी सुतक पाळलेलं नाही. वचन त्या कातड्यात अडकलेलं नव्हतं.

हस्तलिखितांतल्या मोठ्या फरकांचं एकच उदाहरण देते, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट. “तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा.” योहानाच्या आठव्या अध्यायातली ही गोष्ट चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत नाही. काही प्रतींत ती लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसली आहे. ती योहानाच्या हातची नसावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजच्या अनेक आवृत्त्या तिला कंसात टाकतात किंवा खाली टीप देतात. मला ती टीप बोचत नाही. गोष्ट कुठे ठेवायची हे नक्की नसूनही चर्चने ती टाकून दिली नाही, आणि ती ऐकल्यावर हातातला दगड जड होतोच. प्रेरणा एका लेखकाच्या सहीपुरती नसते. सांगणारे, जपणारे, नकला करणारे, सगळे तिच्या वाटेवर असतात.

आता भाषांतर. इथे मुस्लिम सहकाऱ्यांना मी जे सांगते तेच लिहिते. येशू घरात, बाजारात, तळ्याकाठी बोलायचा ती भाषा अरामी. शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये. म्हणजे डोंगरावरचं प्रवचन, उधळ्या मुलाची गोष्ट, “हे आमच्या स्वर्गातील पित्या” ही प्रार्थना, हे सगळं आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथात पोहोचतं तेव्हाच भाषांतरित होऊन पोहोचतं. येशूच्या तोंडचे अरामी शब्द अगदी मोजके उरले आहेत. याईराच्या मुलीचा हात धरून तो म्हणतो, “तलीथा कूम.” मार्क ते तसंच ठेवतो आणि लगेच अर्थ देतो: मुली, तुला सांगतो, ऊठ. त्या खोलीत जे हजर होते त्यांच्या कानात तो आवाज राहिला असणार, म्हणून तो टिकला. पण मार्कने बाकीचं सगळं अरामीत जपायचा आग्रह धरला नाही. ज्या धर्माचा संस्थापक बोलला एका भाषेत आणि ज्याचा पहिला ग्रंथ निघाला दुसऱ्या भाषेत, त्या धर्मात भाषांतराला दुय्यम कसं म्हणायचं?

आणखी एक पुरावा तुमच्या घरी मराठी बायबल असेल तर आत्ताच पडताळून पाहा. चाळिसावं स्तोत्र, सहावी ओवी: तिथे कान उघडल्याची भाषा आहे. तीच ओवी इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात, पाचव्या ओवीत उद्धृत केली आहे, आणि तिथे कानाच्या जागी देवाने शरीर सिद्ध केल्याचं म्हटलं आहे. हा मराठी अनुवादकाचा गोंधळ नव्हे. स्तोत्र हिब्रूतून आलं. पत्रलेखकाने मात्र ते जुन्या ग्रीक भाषांतरातून घेतलं, आणि त्यावर ख्रिस्ताच्या देहाबद्दलचा आपला सगळा युक्तिवाद उभा केला. प्रेरित लेखक भाषांतरावर विसंबतो. मुळात असं नाही, हे त्याला अडवत नाही.

ते ग्रीक भाषांतर म्हणजे सेप्टुअजिंट. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याची सुरुवात झाली. ७२ वडीलधाऱ्यांनी ते केलं, अशी कथा आहे. जुन्या कथेत ते एकमेकांशी चर्चा करून मजकूर ठरवतात. पुढे कथा वाढली: सगळ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलं आणि तरी सगळ्यांचं भाषांतर शब्दाला शब्द सारखं निघालं! लोकांची ओढ यातून कळते. आपण वाचतो ते भाषांतरही देवाने थेट करवून घेतलेलं असावं, म्हणजे शंकेला जागा नको. चौथ्या-पाचव्या शतकातले चर्चचे दोन मोठे विद्वान यावर भिडले. संत ऑगस्टीनने या बहात्तरांना प्रेरित मानलं. जेरोमने त्या खोल्यांच्या गोष्टीला साफ खोटं म्हटलं. संदेष्टा होणं वेगळं आणि भाषांतरकार होणं वेगळं, असं त्याचं मत. बेथलेहेमात बसून त्याने हिब्रूवरून लॅटिन जुना करार केला. मी जेरोमच्या बाजूची आहे. पण ऑगस्टीनने त्याला ४०३ च्या सुमारास पाठवलेलं एक पत्र मला विसरता येत नाही. आजच्या लिबियातल्या त्रिपोलीच्या जागी तेव्हा ओएआ हे शहर होतं. तिथल्या बिशपने जेरोमचं नवं भाषांतर उपासनेत वाचायला घेतलं. योनाच्या डोक्यावर सावली धरणाऱ्या वेलाचं नाव जेरोमने बदललं होतं. पिढ्यान् पिढ्या कानावर पडलेलं नाव बदललं म्हटल्यावर मंडळीत गदारोळ झाला, आणि बिशपला मंडळी हातची जाण्याची वेळ आली, तेव्हा माघार घ्यावी लागली.

त्या लोकांना हसू नये. माझ्या आजीला नव्या आवृत्तीतलं तेविसावं स्तोत्र वाचून दाखवलं, तर ती पुस्तक बाजूला सारून जुनं पाठ म्हणायची. तिच्या दृष्टीने देव जुन्या शब्दांतच तिच्याशी बोलला होता: बाळंतपणात, दुष्काळात, आजोबा गेले तेव्हा. ओळखीच्या शब्दांवरचं प्रेम ही भक्तीच आहे. फक्त त्या प्रेमाचा सिद्धांत करू नये, एवढंच माझं म्हणणं.

कारण तसा सिद्धांत झाला की काय होतं, ते इतिहासात दिसतं. ज्या जेरोमच्या भाषांतरावर एवढी ओरड झाली, तेच हजार वर्षांनी असं पवित्र होऊन बसलं की १५४६ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने त्याला अधिकृत ठरवलं. पुढे कॅथलिकांत मुळाकडे जाणं शतकानुशतकं अवघड झालं. १९४३ साली पोप बाराव्या पायसने खुलासा केला की ट्रेंटने दिलेला मान चर्चमधल्या वापराबद्दलचा होता, मूळ हिब्रू-ग्रीकची जागा घेण्याबद्दलचा नव्हे. तेव्हा कुठे दार पुरतं उघडलं. माझे सासरे लहानपणी वसईच्या चर्चमध्ये फादरांच्या मदतीला उभे राहायचे. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, लॅटिनमध्ये. “दोमिनुस वोबिस्कुम” आलं की “एत कुम स्पिरितु तुओ” म्हणायचं, हे त्यांना झोपेतही येतं. पुढे मराठीत मिस्सा सुरू झाली. ते म्हणतात, “लॅटिन गोड होती. पण शुभवर्तमान माझ्या आईला पहिल्यांदा कळलं ते मराठीत. ती घरी येऊन त्यावर बोलायला लागली.” दोन्ही वाक्यं ते सारख्याच आवाजात म्हणतात.

प्रॉटेस्टंटांत याचंच दुसरं रूप आहे. १६११ साली निघालेलं इंग्रजी किंग जेम्स बायबल हेच अचूक, आणि गरज पडली तर त्यावरून ग्रीक सुधारावं, इथवर जाणारे लोक अमेरिकेत आहेत. त्यांच्या पुस्तिका आपल्याकडेही येतात. कीव येते ती याची, की त्याच बायबलच्या अनुवादकांनी प्रस्तावनेत नेमकं उलट लिहून ठेवलं आहे. राजाने संसदेत केलेलं भाषण फ्रेंचमध्ये, डचमध्ये, इटालियनमध्ये, लॅटिनमध्ये नेलं, अनुवाद करणाऱ्याचा हात बेताचा असला, तरी ते राजाचंच भाषण राहतं. तसंच अगदी साधं भाषांतरही देवाचं वचनच, असं ते म्हणतात. आणि पूर्वीच्यांचं काम सुधारणं हे आपलं कर्तव्य मानतात. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रतींत ही प्रस्तावना छापलीच जात नाही.

या प्रस्तावनेतल्या दोन गोष्टी एकत्र धरल्या की माझं उत्तर होतं. भाषांतर देवाचं वचन आहे, आणि भाषांतर सुधारत राहायला हवं. पहिलं मान्य म्हणून दुसरं सोडायचं नाही, दुसरं मान्य म्हणून पहिलं.

मराठीत हे दोन्ही कसं घडत गेलं, ते मला फार मोलाचं वाटतं. १६१६ साली गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने (कॅथलिकांच्या येशूसंघातल्या धर्मगुरूने) ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केलं. सुमारे ११,००० ओव्या (इथे ओवी म्हणजे मराठीतला छंद), छापल्या रोमन लिपीत. हे भाषांतर नव्हे, पुराण आहे. ट्रेंटनंतरच्या त्या काळात सामान्यांच्या भाषेत बायबल देण्यावर कॅथलिक चर्चची कडक बंधनं होती, आणि नवख्रिस्ती लोक तर पुराणं ऐकत वाढलेले. त्यांना रचनाही ओळखीचीच मिळाली. मी त्याला प्रेरित शास्त्र म्हणणार नाही. पण मराठी ख्रिस्ती कानाला ओवीतून पहिल्यांदा ख्रिस्त भेटला, याचा आनंद मला आहे. संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांपासून झाली, असं एकनाथांनी विचारलं होतं ते याच भाषेत, स्टीफन्सच्या अगदी थोडं आधी.

दोनशे वर्षांनी बंगालमधल्या सेरामपूरला इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी बसले. त्यांच्या मदतीला वैद्यनाथ पंडित. १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान आलं, १८११ मध्ये नवा करार. बंगालमध्ये बसून केलेली ती मराठी मुंबईकडच्या माणसाला नीट उमजेना, म्हणून अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत नव्याने काम काढलं आणि १८२६ मध्ये आपला नवा करार छापला. पंधरा वर्षांत दुसरा! पहिला वचन नव्हता म्हणून नव्हे, पोहोचत नव्हता म्हणून. या सगळ्या कामात मराठी पंडित बसलेले असायचे, बहुतेक ब्राह्मण, बहुतेक ख्रिस्ती न झालेले. आमच्या शास्त्राचं मराठी त्यांच्याही हातचं आहे, आणि त्यांची आठवण उपासनेत कुणी काढत नाही, ही गोष्ट मला लागते. देवाने तर्तियसचं नाव राखलं, आपण वैद्यनाथांचं राखावं.

आणि मग पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात संस्कृत तोंडपाठ करून वाढलेली ही बाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या पाद्र्यांनी आणि सिस्टरांनी सांगितलेलं प्रश्न न विचारता मान्य केलं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या, टाकून दिलेल्या बायका आणि मुली होत्या. त्यांना चालू बायबलची संस्कृतप्रचुर मराठी जड जाते, हे रमाबाईंनी पाहिलं. संस्कृत ज्यांच्या रक्तात होती त्यांनीच ठरवलं की ही भाषा उतरवायला हवी. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षं संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घातली. खिळे जुळवणं, छपाई, हे मुक्तीतल्या बायकांनीच केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. एका बाईने एकटीने मुळावरून केलेलं अख्खं बायबल! त्यांच्या वाक्यरचना कधी कधी मुळाला इतक्या चिकटतात की मराठी कान अडखळतो. तरी मी ते अधूनमधून उघडते, कारण प्रेरणेवर एवढा गाढ विश्वास आणि भाषांतरावर एवढी मेहनत एकाच माणसात असू शकते, हे तिथे पानोपानी दिसतं. शब्द देवाचा आहे म्हणून तो उष्टावू नये, असं त्यांना वाटलं नाही. शब्द देवाचा आहे म्हणूनच तो चुलीपाशी बसलेल्या बाईला कळायला हवा, असं वाटलं.

आमच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ त्याच वाटेवरचं. टिपांसकट, साहित्याच्या वाचकालाही हातात घ्यावंसं वाटेल असं. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तेव्हा सासरी पेढे वाटले होते आणि माहेरीही.

काका विचारतात, “मग एवढ्या हातांतून गेल्यावर मूळ बदललं नाही हे कशावरून?” त्यांचा गैरसमज असा असतो की मराठीचं भाषांतर इंग्रजीवरून, इंग्रजीचं लॅटिनवरून, अशी कानगोष्ट चालत आली आहे. तसं नाही. दर वेळी अनुवादक हिब्रू आणि ग्रीककडे परत जातो. आणि आज त्याच्यापुढे कॅरींपेक्षा कितीतरी जुनी हस्तलिखितं असतात: १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांनी जुन्या कराराच्या हिब्रू प्रती एकदम हजारेक वर्षं मागे नेल्या. तिथली यशयाची मोठी गुंडाळी आणि मध्ययुगातली यशयाची प्रत शेजारी ठेवली, तर बारीकसारीक फरक पुष्कळ आहेत, पण यशया तोच आहे. अडाणीपणाने नक्कल होत राहिली असती तर हे दिसलं नसतं.

राहता राहिला मुलांचा प्रश्न, देवाला मराठी येतं का. त्यांना मी नहेम्याचा आठवा अध्याय सांगते. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात. पहाटेपासून दुपारपर्यंत शास्त्री एज्रा नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोक (मंदिराचे सेवक) घोळक्याघोळक्यांत जाऊन त्याचा अर्थ सांगतात, कळेल असं. ते कळल्यावर लोक रडू लागतात. मग पुढारी म्हणतात, रडू नका, घरी जा, गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना वाढून पाठवा. मुलांना हा गोडधोडाचा भाग आवडतो. मोठ्यांना मी तिथे एवढंच दाखवते की लोक रडले ते गुंडाळी उघडली तेव्हा नव्हे, अर्थ पोहोचला तेव्हा.

यानंतर हमखास येणारा प्रश्न: “मग मी कुठलं बायबल घेऊ?” बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ घ्या, ते मंडळ्यांत सर्वांत जास्त चालतं आणि त्याची भाषा जरा भारदस्त असली तरी कानात बसते. सोबत ‘सुबोध’ किंवा सोप्या मराठीतलं दुसरं एखादं भाषांतर ठेवा. सुरुवात उत्पत्तीपासून करू नका, लेवीय हे नियमांचं पुस्तक आलं की बहुतेक जण सोडून देतात. मार्कपासून करा, सोळाच अध्याय आहेत, दोन संध्याकाळी पुरतात. दोन भाषांतरं जिथे वेगळं बोलतील तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ती खूण घेऊन या. माझ्याकडे, तुमच्या ओळखीच्या पाळकांकडे, फादरांकडे, कुणाकडेही. मार्कच्या शेवटच्या अध्यायात आठव्या ओवीनंतर कंस किंवा टीप दिसली तर दचकू नका. ती कशासाठी आहे, ते भेटीत सांगेन.